पूर्वजांचं ताट

मुसलमान माणूस परदेशी निघाला की नातेवाईक हवापाण्याची चौकशी नंतर करतात. आधी विचारतात, "तिथे खाणार काय?" 2023 च्या मार्चमध्ये मी लेकीकडे तैवानला निघाले, तेव्हा मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईने हाच प्रश्न केला. रमजान तोंडावर आला होता. कुणी शिरकुर्म्याच्या शेवया दिल्या, कुणी मसाला, कुणी सुक्या जवळ्याची पुडी. लेक शिन्चू शहरात नोकरी करते. तिच्याकडे तीन महिने राहिले. प्रवासाला गेलेले लोक देवळं आणि संग्रहालयं बघतात. मी बाजार, चुली आणि ताटं बघितली. माणसं काय खातात यापेक्षा काय खात नाहीत, आणि का खात नाहीत, याकडे माझं लक्ष जास्त गेलं. मुसलमान असल्यामुळे असेल, नाहीतर महाराष्ट्रातली मुसलमान असल्यामुळे. आपल्या ताटाबद्दल शेजाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, याची सवय आपल्याला लहानपणापासून असते.

तैवान हे बेट महाराष्ट्राच्या आठव्या हिश्शाहूनही लहान आहे. वस्ती सव्वादोन कोटींच्या वर. मधोमध उंच डोंगरांची रांग, पश्चिमेला सपाट भातजमीन, चहूकडे समुद्र. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं, त्यामुळे भात, मासळी आणि पाऊस या तीन गोष्टी दिसल्या की मला परकं वाटत नाही. शिवाय एक जुनं नातंही निघालं. आमच्या शेतात बाबा 'जया' भात लावायचे. 1968 साली आपल्या देशात प्रसारित झालेल्या या जातीचा एक जनक म्हणजे 'ताइचुंग नेटिव्ह-1', तैवानच्या ताइचुंग शहराचं नाव लावणारं बुटकं भात. म्हणजे मी तैवानला जाण्याच्या पन्नास वर्षं आधी तैवान आमच्या ताटात येऊन बसलं होतं.

या बेटावर जो आला तो आपली चूल घेऊन आला. सगळ्यांच्या आधी डोंगरात आणि किनाऱ्यावर राहणारे मूळ रहिवासी; त्यांच्या सोळा जमातींना आज सरकारी मान्यता आहे. 1624 साली डच आले. पुढे समोरच्या फुच्येन प्रांतातून चिनी शेतकरी लोंढ्यांनी आले. 1895 पासून 1945 पर्यंत जपानी राज्य होतं, आणि 1949 साली चीनमधल्या यादवीत हरलेलं सरकार सैन्यासह, बायकापोरांसह इथे येऊन राहिलं. या सगळ्यांच्या चुली एकमेकींशेजारी आजही पेटतात, आणि दर पन्नास मैलांवर चव बदलते.

दक्षिणेकडचं ताइनान ही जुनी राजधानी. डचांच्या काळापासून हा उसाचा मुलूख, म्हणून तिथल्या रश्शातही साखर. साखर म्हणजे ऐपत. पाहुण्याला गोड घालणं म्हणजे मान देणं. तिथल्या पाणथळ तळ्यांत दुधासारख्या पांढऱ्या मांसाचा एक मासा पाळतात. पहाटे कामावर जाणारे लोक त्याची तांदळाची पेज ओरपतात. 'तान-त्साय' नावाच्या शेवयाही तिथल्याच. या नावातच कावड आहे. वादळांच्या दिवसांत होड्या ओढून ठेवल्या की मासेमारी करणारा माणूस खांद्यावर कावड घेऊन शेवया विकायचा, त्यातून हा पदार्थ रुजला. आमच्या दर्यावर्दी मुलखात पावसाळ्याचे ते रिकामे महिने कुणाला सांगायला नकोत.

शिन्चूच्या आसपास हक्का लोकांची वस्ती. आपल्याकडे गाडीवर मिळणाऱ्या 'हक्का नूडल्स' मी कितीदा खाल्ल्या असतील, पण हक्का ही एक जमात आहे, तिची वेगळी भाषा आहे, हे मला तिथे कळलं. हे लोक मागाहून आले, म्हणून त्यांच्या वाट्याला डोंगरउताराची जमीन आली. कष्टकरी, काटकसरी माणसं. त्यांचा स्वयंपाक खारट. मोहरीचा पाला मिठात घालून, उन्हात वाळवून बरण्यांत ठासून भरायचा आणि वर्षभर पुरवायचा. आम्ही ज्याला पावसाळ्याची बेगमी म्हणतो तेच. शिन्चूचा वारा तर प्रसिद्धच. त्या वाऱ्यावर तांदळाच्या बारीक शेवया वाळवतात, शरद ऋतूत पर्सिमनची केशरी फळं सोलून सुकवतात. वारा हाच त्यांचा मसाला, असं म्हणायला हरकत नाही.

पूर्व किनाऱ्यावर आमीस जमातीच्या बायका रानभाज्या विकत बसलेल्या असतात. टाकळा आणि भारंगी ओळखणारी बाई त्यांच्यापुढे हटकून थांबते. आणि आग्नेयेला लान्यू नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या ताओ लोकांचे उडत्या माशाबद्दलचे नियम ऐकून मी चकितच झाले. तो मासा ठराविक महिन्यांतच धरायचा, वाळवायचा, आणि शरद ऋतूनंतर खायचा नाही. इतर मासळीचीही वर्गवारी आहे: काही मासे बायकांनीही खावेत असे, काही फक्त पुरुषांचे, काही फक्त म्हाताऱ्यांचे. प्रत्येक समाजाचा आपला फिकह असतो. हलाल-हरामचा विचार फक्त आपणच करतो, असं मानायचं काही कारण नाही.

आता माझ्या ताटाचं. तैवानी स्वयंपाकाचा पाया डुकराच्या चरबीवर उभा आहे. 'लू-रो-फान', म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस घातलेला भात, हा तिथला वडापाव. उकडलेल्या पालेभाजीवर चमचाभर चरबी, शेवयांवर चरबी, अननसाच्या केकच्या खुसखुशीत कवचात जुन्या पद्धतीने चरबीच. 2014 साली वापरून टाकलेल्या तेलाची भेसळ केलेली चरबी बाजारात गेल्याचं उघड झालं. तेव्हा केक, बिस्किटं, डंपलिंग असे कितीतरी पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. चरबी कुठवर पोचलेली असते ते त्या यादीवरून साऱ्या देशाला दिसलं. चरबीच्या जोडीला तांदळाची दारू. बाळंतिणीला तिथे महिनाभर काळ्या तिळाच्या तेलात आलं परतून केलेलं कोंबडीचं कालवण देतात. त्या वाफेत मला आमच्या घरचे बाळंतपणाचे चाळीस दिवस आठवले, पण त्या कालवणात पाण्याऐवजी दारूच असते.

मग खायचं काय? एक वाट बौद्धांनी करून ठेवली आहे. तिथे शाकाहारी खूप, आणि 'सू' या एका अक्षराची पाटी लावलेल्या खाणावळी गल्लोगल्ली. थाळीत हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. कडक शाकाहारी लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, तेव्हा मला आमच्या बाजारपेठेतले जैन व्यापारी आठवत. दुसरी वाट समुद्राची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे कालवं, तिसऱ्या, कुर्ल्या सगळं आम्हाला चालतं. कालवांचं आम्लेट हा तिथला लाडका पदार्थ: कालवं, अंडं, पालेभाजी आणि रताळ्याच्या पिठाची चिकट लापशी, एकाच तव्यावर. बाहेर तो तवा चरबीचा, म्हणून लेकीने घरी केलं. तैपेईतल्या एका चिनी मुसलमान बाईंना मी हे कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी तोंड वाकडं केलं. त्या हनफी. कालवं-खेकड्यांवरून आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत जे वाद होतात, तेच सात समुद्रापलीकडेही निघाले.

चिनी भाषेत हलालला 'चिंगचेन' म्हणतात. शुद्ध आणि सत्य, अशी ती दोन अक्षरं. 1949 च्या लोंढ्यात सुमारे वीस हजार मुसलमान तैवानला आले असं सांगतात. त्यात सैनिक होते, व्यापारी होते, पाय चुंगशी यांच्यासारखे देशाचं संरक्षणमंत्रिपद भूषवलेले सेनानीही होते. तैपेईची मोठी मशीद 1960 साली पुरी झाली. जुम्याच्या नमाजानंतर तिच्या बाहेर खाण्याचे ठेले लागतात. ताओयुवानजवळ लुंगकांगला ब्रह्मदेशाच्या सीमेवरून आणलेल्या युनानी, म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातल्या, सैनिकांची वस्ती आहे. तिथली मशीद 1964 ची. तिच्या परिसरात तांदळाच्या लुसलुशीत पट्ट्यांची शेवई मिळते.

या मुसलमानांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सिचुआनी सैनिकांनी तैवानला एक पदार्थ दिला: गोमांसाच्या रश्शातल्या शेवया. आज तो तैवानचा राष्ट्रीय पदार्थच समजला जातो. 2005 पासून तैपेईत त्याचा महोत्सव भरतो. पण त्याआधी बेटावरचे शेतकरी गोमांस खातच नसत. शेतात राबणाऱ्या बैलाचं आणि रेड्याचं ऋण, हे त्याचं कारण. चिंग राजवटीत नांगराचं जनावर मारायला कायद्याचीही बंदी होती. कायदा गेला, राजवटी बदलल्या, तरी ऋण राहिलं. अजूनही तिथे कितीतरी म्हातारी माणसं गोमांसाला शिवत नाहीत.

हे ऐकताना मला बाबा आठवले. आमच्या घरी शेतीचे बैल होते. घरात मोठ्याचं मटण शिजायचं. पण आपला थकलेला बैल बाबांनी कधी विकला नाही. तो मेला तेव्हा शेताच्या बांधाशी खड्डा खणून पुरला, आणि त्या रात्री बाबा जेवले नाहीत. त्यांना कुणी कायदा सांगितला नव्हता. 2015 साली आपल्या राज्यात बैलांसकट गोवंशाच्या हत्येवर बंदी आली, त्यानंतर मला हे बाबांचं न जेवणं कुणाला सांगायचीही चोरी झाली. सांगितलं तर ते सफाई दिल्यासारखं वाटतं. तैवानमध्ये मात्र एकाच टेबलावर नातू गोमांसाच्या शेवया खातो आणि आजोबा शेजारी बसून भाजीचा रस्सा पितात. नातू त्यांना जुनाट म्हणत नाही, आणि आजोबा त्याला पापी म्हणत नाहीत. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी दुसऱ्याला खाऊ दिलं. एवढंच झालं, आणि त्यातून एका देशाचा आवडता पदार्थ तयार झाला.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते लुकांगने.

लुकांग हे पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. अठराव्या शतकात ताइनानच्या खालोखाल त्याचा थाट होता. आता गाळ भरलाय. कालवांच्या शेतांचा, अरुंद बोळांचा, तांदळाच्या पिठाच्या गोड वड्यांचा हा गाव. इथले लोक मूळचे समुद्रापलीकडच्या च्वानचौचे. च्वानचौ म्हणजे अरब खलाशांचं 'झैतून'. 1009 साली बांधलेल्या मशिदीच्या दगडी भिंती तिथे अजून उभ्या आहेत. आपल्या दौलताबादेहून, नंदुरबारवरून गेलेला इब्न बतूता पुढे त्याच झैतूनला उतरला होता. अरब-इराणी व्यापाऱ्यांची तिथे मोठी वस्ती होती. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंडाळी झाली, कत्तली झाल्या. जे उरले ते किनाऱ्यावरच्या खेड्यांत पांगले, त्यांनी चिनी आडनावं घेतली आणि हळूहळू चिन्यांत मिसळून गेले. त्यांतली डिंग आणि ग्वो ही दोन घराणी ठळक. 'डिंग' हे आडनाव 'दीन' या शब्दावरून आलं असं मानतात. त्यांच्यातले काही लोक पुढे तैवानला आले, लुकांगला आणि युनलिन जिल्ह्यातल्या ताइशीला स्थायिक झाले. इथे येईपर्यंत मशीद सुटली होती. नंतर नमाज गेला, रोजा गेला, अक्षरं गेली. एक गोष्ट मात्र उरली: पूर्वजांपुढे मांडलेल्या ताटात डुकराचं मांस ठेवायचं नाही.

लेकीबरोबर काम करणारी एक मुलगी आईकडून या ग्वो घराण्यातली. एप्रिलच्या पाच तारखेला तिथे पितरांचा सण असतो. कबरी साफ करतात, घरी पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे अन्न मांडतात. तिने आम्हाला लुकांगला आजोळी नेलं. रमजानचा मध्य होता, आम्ही दोघी रोजाने होतो. पूर्वजांपुढच्या ताटात एरवी चिनी घरांत मधोमध डुकराच्या मांसाचा तुकडा, एका बाजूला कोंबडी, दुसऱ्या बाजूला अख्खा मासा असतो. इथे मधोमध बदक होतं. बाकी तेच: फळं, चहाचे छोटे पेले, तांदळाच्या वड्या, धुपाच्या कांड्या.

स्वयंपाकघरातून मात्र लू-रो-फानचा वास येत होता. दुपारी घरातल्या सगळ्यांनी तो पोटभर खाल्ला. म्हणजे स्वतः खायचं, पण पूर्वजांना द्यायचं नाही. मी मुलीकडून आजीला कारण विचारवलं. आजी ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, त्यांना आवडत नाही. आणखी काही तिला माहीत नव्हतं. तिच्या सासूने सांगितलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूने. अरबस्तान नाही, इस्लाम नाही, कलमा नाही. सहाशे वर्षं सासूकडून सुनेकडे एवढं एकच वाक्य आलं होतं. मग आजीने माझ्याबद्दल विचारलं, ही बाई सकाळपासून पाणीसुद्धा का पीत नाही, आणि डुक्कर का खात नाही. नातीने समजावून सांगितल्यावर ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, मग ही आमच्या पूर्वजांसारखीच की.

मी धूप लावला नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. बाजूला उभी राहिले. या रांगेतला अगदी पहिला माणूस तरी कलमा वाचूनच गेला असणार, असं मनात आलं, आणि त्याच्या नावाने मी मनातल्या मनात फातिहा पढले. त्याच्यासाठी कुणी फातिहा पढून किती शतकं झाली असतील, अल्लाला ठाऊक.

त्या सणाला तिथे 'रुन-पिंग' खातात. समोशाच्या पट्टीसारखी पातळ पोळी, आत कोबी, गाजर, अंकुर, अंड्याच्या कातळ्या, वर शेंगदाण्याचं गोड कूट. आजीने आमच्यासाठी कढई घासून घेतली, बाजारातून साध्या तेलाची नवी बाटली आणवली आणि भाज्या वेगळ्या परतल्या. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळला. आम्ही खजुराने रोजा सोडला आणि ते रुन-पिंग खाल्लं. पूर्वजांसाठी जपलेला नियम त्या संध्याकाळी दोन जिवंत माणसांच्या उपयोगी पडला.

परतीच्या गाडीत लेक गप्प होती. मी पण. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही, पण मला जे वाटत होतं ते आईचं होतं. ही इथे राहणार, हिची मुलं इथे वाढणार. त्यांच्या वाट्याला माझी मराठी येईल का? नमाज येईल का? की शेवटी एक 'त्यांना आवडत नाही' एवढंच उरेल? सहाशे वर्षं टिकलेली आठवण म्हणून ते ताट पाहिलं की ऊर भरून येतो. पण ती आठवण नुसत्या नकाराची आहे. त्या नकारामागे काय मानलं जात होतं, कुणाला सलाम केला जात होता, कुठली दुआ मागितली जात होती, ते सारं वाहून गेलं. ताटाने जेवढं राखता येईल तेवढं राखलं. बाकीचं राखणं ताटाचं काम नव्हतं.

आपल्याकडे याच्या उलटं आहे. आम्हा कोकणी मुसलमानांच्या लग्नांत हळद असते, नारळ-तांदूळ असतात, मराठी-कोकणीतली गाणी असतात. अलीकडे कुणी ना कुणी येऊन सांगतं की हे सगळं धुऊन टाका, हे आपलं नव्हे. लुकांगची आजी भेटल्यापासून मला त्यांना उत्तर देणं सोपं झालंय. इस्लामच्या आधीच्या कुठल्या तरी आजीचं वाक्य आमच्या हळदीत असेल, तर असू दे. तिच्या सुनेने ते आठवणीने जपलं, आणि आमचा कलमाही आमच्या जिभेवर शाबूत आहे. दोन्ही राखणारी माणसं गरीब होत नाहीत.

ईदनंतरच्या रविवारी आम्ही तैपेईला गेलो. तिथल्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या काळ्यापांढऱ्या फरशीवर हजारो इंडोनेशियन मुलीबाळी, बाप्ये दस्तरखान मांडून बसले होते. तैवानमध्ये अडीच लाखांवर इंडोनेशियन कामगार आहेत. कुणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतं, कुणी कारखान्यात, कुणी मासेमारीच्या बोटींवर. दक्षिणेकडच्या तुंगकांग बंदरात इंडोनेशियन खलाशांच्या पैशांतून उभी राहिलेली मशीद 2018 साली खुली झाली. पण सगळ्यांच्या वाट्याला लुकांगची आजी येत नाही. 2010 साली एका कारखानदाराने इंडोनेशियन कामगार मुलींना डुकराचं मांस खायला भाग पाडल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि त्याच्यावर खटला झाला. ज्यांच्या घरी राबायचं त्यांचंच डुक्कर शिजवायचं आणि आपल्यापुरतं अंडं तळून घ्यायचं, ही तर रोजचीच गोष्ट. वर्षातला हा एक दिवस त्या आपल्या हाताने, आपल्यासाठी रांधतात. केळीच्या पानातला भात, नारळाच्या दुधातलं कालवण. आम्ही जवळून जाताना एका मुलीने सलाम केला आणि सरकून जागा केली. भाषा एकमेकींची येत नव्हती. कालवणात नारळ होता आणि कुर्ल्या होत्या. ती शाफई, आम्हीही शाफई. कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

त्या आठवड्यात लुकांगची नात आमच्याकडे शिरकुर्मा खायला आली. दोन वाट्या संपवल्या आणि कृती मागितली, आजीला करून घालायची म्हणाली. मी मराठीत सांगितली, लेकीने चिनीत लिहून दिली: दूध, शेवया, खजूर, चारोळी, साजूक तूप. तुपाच्या पुढे लेकीने कंसात आपणहून लिहिलं, चरबी चालणार नाही.